बाई, भट्टी बंद ठेवली आहे

बाई, तुमची तेरवी आटोपली आणि आपल्या बेकरीच्या भट्टीनं हात वर केले. पाहुणे गेले, मंडपवाल्यानं खुर्च्या उचलल्या, भासऱ्यांनी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि मी बर्नर सुरू केला. पंखा फिरला. ठिणगीची चरचर ऐकू आली. डिझेलचा फवारा सुटला, ज्योतही लागली. मी काचेतून माझ्या डोळ्यांनी बघितली. आणि लगेच सगळं ठप्प. बर्नरच्या डब्यावरचं लाल बटण पेटलं. मागे उभे असलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही असत्या तर तुमच्याकडे बघितलं असतं.

मी थकले आहे बाई. रडून नाही, रडायला सवड कोणी दिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देऊन थकले, आणि ‘असं अचानक कसं काय झालं हो’ याचं उत्तर देऊन देऊन थकले. अचानक कुठे झालं? पितृपक्षापासून तुम्हाला पायऱ्या चढताना दम लागत होता. मैद्याचं पोतं ओढताना तुम्ही मध्येच भिंतीला टेकायच्या, आणि मी बघते आहे असं दिसलं की उगाच पदर नीट करायच्या. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. तुम्ही म्हणाल्या, “दिवाळी होऊ दे वं.” मी पुन्हा म्हटलं. तुम्ही म्हणाल्या, “तू काहून माह्या मागं लागली?” मी चिडून दोन दिवस धड बोलले नाही, आणि तुम्ही माझ्या ताटात गपचूप जास्तीची भाजी वाढत राहिल्या. शेवटी माझंच खरं ठरलं. खरं ठरल्याचं आता काय लोणचं घालू?

लोक फोटोसमोर हात जोडून म्हणतात, भाग्यवान, काम करता करता गेल्या. मला त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावासा वाटतो.

तुम्ही गेल्यावर माझी पहिली पंचाईत काय झाली सांगू? मला भासऱ्यांशी बोलता येईना. तुमच्या नवऱ्याशी, ज्यांच्याबरोबर मी अर्धं आयुष्य एकाच भट्टीसमोर काढलं त्यांच्याशी. धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी, भासऱ्यांशी, तोंडातोंडी बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत. सासूबाई गेल्या, डोक्यावरचा पदर गेला, माझ्या हातात मोबाईल आला, पण रीत राहिलीच. दोन हातांच्या अंतरावर उभे राहून आम्ही दोघं तुमच्यामार्फत बोलायचो. मी म्हणायची, “बाई, त्यांना सांगा, माल घेताना जरा अक्कल वापरा.” तुम्ही वळून सांगायच्या, “शोभा म्हणते, थोडा कमी घेतला तर कसं?” ते म्हणायचे, “तिले म्हण, जास्त शहाणपण नको शिकवू.” तुम्ही माझ्याकडे वळायच्या, “पाहतो म्हणतात.” आम्हाला एकमेकांचं सगळं ऐकू येत असायचं. तरी तुमच्या तोंडून आलेलं तेच आम्ही खरं धरायचो. त्यामुळे एवढ्या वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही. आम्ही दोघंही भांडकुदळ आहोत, हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही.

आणि मला भट्टीसमोर आणलं कोणी? तुम्हीच. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचं ठरलं होतं की धाकटीनं घर सांभाळायचं, दुकानात पाय ठेवायचा नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत बसायची, ते तुम्ही बघितलं. एक दिवस जेवताना तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाल्या, “हिच्या हातचा मैदा बम मस्त मळून येते, मले भट्टीवर हीच पाहिजे.” मी तोवर आयुष्यात मैद्याला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी माझी खारी दगड झाली. तुम्ही ती मागच्या दारानं गाईला घातली, गाईनंही तोंड फिरवलं, आणि तुम्ही पोट धरून हसलात. त्यानंतर कधी मी तुमचे आभार मानले? आपल्यात कुठे तशी पद्धत आहे. जावेचे आभार मानले असते तर तुम्ही माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

लकडगंजच्या मागच्या गल्लीतली आपली बेकरी वर्षभर टोस्ट आणि खारीवर चालते, पण दसऱ्यानंतर तिचं रूपच पालटतं. बाया घरून मैदा, तूप, साखर घेऊन येतात, समोर बसून मळून घेतात, आणि भट्टीतून निघालेली नानखटाई आपल्याच टिनाच्या डब्यात भरून नेतात. विकतची चालत नाही, आपलं तूप आपल्याच डब्यात गेलं पाहिजे. तुम्ही त्या प्रत्येकीला तुपावरून ओळखायच्या. “हिचं घरचं आहे. तिनं वनस्पती मिसळलं, पण बोलू नको.” बाकावर ओळीनं बाया, मांडीवर डबे, आणि तुम्ही मध्ये उभ्या, तोंड सुरू, हात सुरू. एकीलाही परत पाठवायचं नाही, हा तुमचा हट्ट. बाया बसून आहेत, एवढं तुम्ही म्हटलं की घरातलं कोणाचं काहीच चालायचं नाही.

म्हणून तर बर्नरच्या त्या डब्याशी तुमचं कधी जमलं नाही. लाकडाची भट्टी गेली आणि डिझेलची आली, तेव्हा हिंगण्याहून मेश्राम बर्नर बसवायला आला होता. बर्नरच्या अंगावरचा तो तळहाताएवढा काळा डबा त्यानं आपल्या दोघींना समजावून सांगितला. आधी नुसता पंखा फिरतो, आत कुठे डिझेलची वाफ साचली असेल तर तिला बाहेर काढतो. मग ठिणगी, मग डिझेल. मग बोटाच्या पेरासारखा एक डोळा आत ज्योत दिसते का बघतो. दिसली तर ठीक, काही क्षणांत दिसली नाही तर डिझेल बंद आणि लाल दिवा. मग लाईट जाऊन परत आली तरी डबा ते विसरत नाही. माणसानं समोर येऊन हातानं ते लाल बटण दाबायचं, तेव्हाच पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू. मेश्राम म्हणाला, “एकदा दाबा. पुन्हा लाल झाला तर मले फोन करा. दाबत नका राहू.” मला तो डबा तिथल्या तिथे आवडला. तुम्ही नुसती मान हलवली, आणि तुमचं मान हलवणं मला चांगलं माहीत होतं.

तुम्ही त्याला भागूबाई म्हणायच्या. “जराशी हवा हलली का भ्याली हे भागूबाई.” लाल दिवा लागला की तुमचा अंगठा तयारच. मी सांगायची, बाई, दर वेळी दाबलं की आत डिझेल फवारलं जातं, जळत नाही, तिथेच राहतं, आणि मग एकदम भडकतं. तुम्ही म्हणायच्या, “मले नको शिकवू, मी लाकडाच्या भट्टीत हात घालत होती.” ज्या दिवशी ती भडकली त्या दिवशी मी पाववाल्याशी बोलत बाहेर उभी होते. धप्पकन आवाज आला, भट्टीचं दार आपटून उघडलं, ट्रे खणखणत खाली आले. मी आत धावले तर तुम्ही उभ्याच, तोंड काळं, आणि भुवया नाहीत. दुसऱ्या दिवशी कामठीला लग्न होतं. तुम्ही काजळानं भुवया काढून गेल्या. त्यातली एक जरा वर गेली होती, त्यामुळे दिवसभर तुम्ही प्रत्येक पाहुण्याकडे अविश्वासानं बघत आहात असं दिसत होतं. मुलीकडचे बिचारे सारखे विचारायचे, जेवणात काही कमी पडलं का. मी हसले नाही. रात्री मी तुमच्या पोळलेल्या कपाळाला मलम लावत होते, आणि तुम्ही म्हणत होत्या, “ट्रे वाकले का वं?”

मग काही दिवस तुम्ही सरळ राहिल्या. पण स्वभाव कुठे जातो. एकदा डोळा काजळला आणि बर्नर बंद पडू लागला. मेश्राम येईपर्यंत थांबायचं होतं, तर तुम्ही डोळा बाहेर ओढला आणि त्याच्यासमोर मोबाईलचा टॉर्च धरला. उजेडच पाहिजे ना, घे उजेड. डबा त्याच्याही पुढचा निघाला. डिझेल सोडण्याआधीच तो बघून घेतो की आत उजेड आहे का. जिथे ज्योत असायलाच नको तिथे ज्योत दिसली, म्हणजे काहीतरी गडबड आहे, असं धरून तो जागचा हललाच नाही. तुमचा असा अपमान कोणी केला नव्हता. “हे त सासूबाईपेक्षा संशयी आहे,” तुम्ही म्हणाल्या, आणि सासूबाईंच्या फोटोकडे बघून जीभ चावली.

आणि ती खंडेनवमी. तुम्ही सगळी अवजारं पुसून मांडली. सुरे, लाटणी, मैदा मळायचं मशीन, बर्नर. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल. मेश्राम डोळा काढून कसा पुसतो हे तुम्ही पाहून ठेवलं होतं. तुम्ही तो काढला, पदरानं लख्ख पुसला, आणि त्या इवल्याशा काचेवर कुंकवाचं ठसठशीत बोट लावून परत बसवला. दसऱ्याच्या सकाळी भट्टी पेटेना. मेश्रामला फोन लावला तर तो दीक्षाभूमीवर, बाहेरगावाहून आलेल्यांना पाणी वाटत होता, मागे एवढी गर्दी की त्याचं एक वाक्य कळेना. संध्याकाळी आला बिचारा, पांढरा शर्ट घालून, बायकोला घरी सोडून. डोळा काढला आणि बघतच राहिला.

“बाई, याले काय केलं?”

“पूजा केली. त्याचा दिवस होता काल.”

“याच्या डोळ्यातच कुंकू घातलं तुम्ही. त्याले दिसन कसं?”

“तूच म्हणे ना गा, सगळ्यात मोठं काम याचंच आहे. मग पहिला मान कोणाचा?”

मेश्रामनं फडकं मागितलं. तुम्ही त्याला सोनं दिलं, जयभीम म्हणाल्या, आणि घरी न्यायला टोस्टची पिशवी हातात कोंबली. तो गेल्यावर मी तुम्हाला नको नको ते बोलले. एवढी चिडले होते, की दिवसभराचा माल बुडाला आणि यांना मान सुचतो. आज वाटतं, ज्याच्यावर तुमचा एवढा राग, त्यालाही सणाच्या दिवशी वगळायचं तुमच्या मनात आलं नाही. हे मला जमलं नसतं बाई.

यंदाच्या खंडेनवमीला तुम्ही स्टुलावर बसून होत्या. “तू लाव वं, मी सांगते.” मी लावत गेले. तुम्ही सांगत होत्या आणि मध्ये मध्ये थांबत होत्या. मी मागे वळून बघितलं की म्हणायच्या, “माह्याकडं काय पाहून राहिली, मशीनकडं पाह्य.”

तर आता ऐका. भट्टी बंद पडली तशी मी एकदा बटण दाबलं. एकदाच. पुन्हा लाल. मेश्राम आला, तुमच्या फोटोसमोर थोडा वेळ उभा राहिला, मग बर्नर उघडला. म्हणाला, डोळा कामातून गेला, ज्योत पेटते पण त्याला दिसत नाही. नवा मागवला आहे, बाहेरून यायचा आहे, तोवर भट्टी बंद. पण बाकावर बाया येऊन बसल्या होत्या. दिवाळी तोंडावर आली आहे. आपल्या घरी यंदा दिवा नाही, पण लोकांच्या घरी तर आहे. त्यांचं तूप, त्यांचा मैदा आपल्याकडे येऊन पडला आहे.

आज सकाळी भासऱ्यांनी गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. माझे हे माल घेऊन कामठीला गेलेले. वायरमननं डबा बघितला आणि म्हणाला, “हे काढूनच टाकतो ना भाऊ. पंख्याले एक बटण, डिझेलले एक बटण. ज्योत दिसो का न दिसो, चालूच राहते. दिवाळी झाली का बसवून देऊ परत.” कोपऱ्यात मैदा मळायला बसलेली आपली कामाची बाई म्हणाली, मोठ्या बाई असत्या तर एव्हाना भट्टी तापली असती. दुसरीनं मान हलवली. भासरे म्हणाले, “हो ना.” आणि ते खरंच आहे. तुम्ही असत्या तर तुम्हीच त्या वायरमनला पेचकस काढून दिला असता. मला ते खोडता येईना. तुम्ही गेल्या आणि सगळी मतं तुमच्या बाजूनं पडायला लागली.

मी वायरमन आणि डब्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. सवयीनं उजवीकडे वळले. ‘बाई, त्यांना सांगा’ एवढं तोंडातून निघूनही गेलं. तिथे मैद्याचं पोतं होतं.

कोणी हसलं नाही. मग मी भासऱ्यांकडेच वळले. पदर डोक्यावर घ्यावा का, असंही क्षणभर वाटलं, पण हात पिठाचे होते. मी म्हटलं, “मी हात लावू देणार नाही. याले ज्योत दिसून नाही राहिली म्हणून हे थांबलं. त्याचं कामच ते आहे. बाईले दम लागत होता ते आपल्याले सगळ्याईले दिसत होतं, तरी आपण त्याईले थांबू नाही दिलं. दिवाळी आहे म्हणून. आता ही भट्टी तरी बंद राहू द्या.”

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी थेट केलेलं हे पहिलं बोलणं. यापेक्षा बरं काहीतरी असायला हवं होतं.

वायरमन पेचकस खिशात घालायला लागला. भासरे त्याच्याकडे बघत होते, मग जमिनीकडे. मग ते माझ्याशी बोलले, माझ्या तोंडाकडे न बघता, पण माझ्याशीच.

“त्या दिवशी ती म्हणे, आज नाही होत माह्यानं,” ते म्हणाले. “मी म्हटलं, एवढे ट्रे काढून घे. बाया बसून आहे.”

पुढे म्हणाले, “तं तिनं काढले.”

मला हे माहीत नव्हतं बाई. तुम्ही गेल्या त्या दिवशी मी पुढे गल्ल्यावर होते. तुम्ही असत्या तर हे वाक्य माझ्यापर्यंत असं येऊ दिलं नसतं. तुम्ही मध्येच धरलं असतं, ‘त्याईले वाईट वाटून राहिलं’ एवढंच सांगितलं असतं, आणि त्यांनाही माझं बोलणं कापून-छाटून दिलं असतं. आज मध्ये कोणी नव्हतं. त्यांचं मला लागलं, माझं त्यांना लागलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. माझ्यात तेवढा जीव उरलेला नाही, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

“जा गा, राहू दे,” ते वायरमनला म्हणाले आणि बाहेर गेले. मी दाराआड उभी राहिले. बाकावर बाया डबे घेऊन बसल्या होत्या, तुमच्या वेळी बसायच्या तशाच. भासरे त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, “भट्टी बंद आहे. सामान आल्याशिवाय पेटवत नाही.” आता बोंब होईल, म्हणून मी पदर खोचून तयार होते. हीच बोंब टाळायला तुम्ही इतकी वर्षं धावत राहिल्या, तर ती कशी असते ते मलाही एकदा बघायचं होतं.

एक म्हणाली, “बरं.” दुसरीनं विचारलं, “तूप ठेवू का घेऊन जाऊ?” भासरे म्हणाले, ठेवा. तिसरी म्हणाली, “फोन करजा मग.” त्या उठल्या, साड्या झटकल्या, डबे कडेवर घेतले आणि बोलत बोलत गल्लीतून निघून गेल्या.

बस, एवढंच झालं. त्या दिवशीही त्या अशाच गेल्या असत्या, बाई.